कॉव्हेंट्रीचा कारागीर : जेम्स स्टार्ली

अनमोडचा घाट चढणाऱ्या मोटारीचा मागचा आस ज्यांनी खालून न्याहाळला असेल, त्यांना त्याच्या मध्यभागी एक फुगीर लोखंडी गोळा दिसला असेल. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा व आतल्या चाकाला जवळचा मार्ग कापावा लागतो. दोन्ही चाके एकाच वेगाने फिरू लागली तर त्यांतले एक रस्त्यावर फरफटणारच. ही फरफट टाळणारी दातेरी चाकांची जुळणी त्या गोळ्यात असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. ती पायगाडीला बसवून लोकांच्या नित्य वापरात आणणारा जेम्स स्टार्ली हा एका शेतकऱ्याचा मुलगा होता.

त्याचा जन्म 21 एप्रिल 1830 रोजी इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील ऑलबर्न या खेड्यात झाला. शेतीत त्याचे मन रमेना. कोवळ्या वयातच घर सोडून तो लंडनकडे गेला आणि लुइशम येथे जॉन पेन या जहाजी एंजिनांच्या कारखानदाराच्या बागेत माळी म्हणून राहिला. फावल्या वेळी मोडकी घड्याळे दुरुस्त करणे हा त्याचा छंद. एकदा मालकांच्या घरचे शिवणयंत्र बिघडले, ते या माळ्याने नीट करून दिले. त्या एका दुरुस्तीने त्याचे आयुष्य पालटले. पेन यांच्या ओळखीने त्याला शिवणयंत्रांच्या धंद्यात जागा मिळाली, आणि 1861 च्या सुमारास जोसाया टर्नर यांच्यासह तो कॉव्हेंट्रीस गेला.

त्या वेळी कॉव्हेंट्रीवर मोठे संकट कोसळले होते. 1860 च्या तहाने फ्रान्सच्या रेशमी मालावरील जकात उठली, आणि या गावचा रेशमी फितींचा धंदा बसला. शेकडो विणकरांच्या चुली विझल्या. अशा गावात 1868 साली टर्नर यांच्या पुतण्याने पॅरिसहून एक पायगाडी आणली. शिवणयंत्रांचा कारखाना पायगाड्या करू लागला, आणि पुढे या धंद्याने गावाला पुन्हा काम दिले.

स्टार्लीने हिलमन या सहकाऱ्यासह 1870 मध्ये ‘एरियल’ या हलक्या, तारांच्या चाकांच्या पायगाडीचे पेटंट घेतले. 1874 मध्ये त्याने चाकाच्या तारा तुंब्यातून सरळ न काढता त्याच्या कडेला स्पर्शून तिरप्या ओढल्या. आपापल्या सायकलचे चाक पाहावे. बहुधा तीच रचना तेथे आढळेल. माझ्या मते डिफरन्शियलपेक्षाही हे काम अधिक मोलाचे आहे, कारण ते गरिबाच्या दारी पोहोचले.

डिफरन्शियलची हकीकत मोठी गमतीची सांगतात. बाप आणि मुलगा शेजारी-शेजारी बसून एक गाडी चालवीत होते. प्रत्येकाच्या पायाखाली एकेक चाक. मुलाच्या पायांत जोर अधिक, म्हणून गाडी बापाच्या बाजूस वळून खाजऱ्या झुडपांत शिरली! दोघांचे बळ एकत्र करून ते दोन्ही चाकांना सारखे वाटले, तरी वळणावर प्रत्येक चाकाला आपला वेग राखता यावा, अशी जुळणी स्टार्लीने 1877 मध्ये योजली आणि ‘साल्व्हो’ गाडीत बसवली. न्यायाने सांगायचे तर फ्रान्सच्या पेकर याने 1828 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी अशीच कल्पना मांडली होती. 1886 च्या कार्ल बेन्झच्या मोटारीतही डिफरन्शियल होते.

आजच्या मोटारीत ही चाके दाट तेलात बुडालेली असतात. म्हणून गोळ्याचे झाकण बसवताना जुन्या पॅकिंगचा कणही न ठेवता दोन्ही कडा पुसून कोरड्या कराव्या लागतात, नवे पॅकिंग घालून बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावे लागतात. आसावरील हवेचे छिद्र धुळीने बुजले, तर तापलेली हवा आत कोंडून तेलाला फटीतून बाहेर ढकलते. मग झाकण कितीही आवळा, गळती थांबत नाही. तेल आटले की दाते झिजतात. घाटातला खर्च मोठा, तेलाचा छोटा!

राणी व्हिक्टोरियाने 1881 मध्ये दोन साल्व्हो मागवल्या, तेव्हा त्या गाडीला ‘रॉयल साल्व्हो’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी 17 जूनला, वयाच्या 51 व्या वर्षी, स्टार्ली वारला. 1884 मध्ये कॉव्हेंट्रीत त्याचे स्मारक उभारण्यात आले. पुढच्याच वर्षी त्याचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही दोन जवळपास सारख्या चाकांची सायकल लोकांपुढे आणली.