अपुऱ्या यंत्राचा शिल्पकार

नवे खेळणे हाती आले, की याच्या आत काय आहे, असे लहानगा चार्ल्स आईला विचारी. उत्तराने समाधान झाले नाही, तर तो ते खेळणे मोडून स्वतःच आत डोकावून पाही. हीच जिज्ञासा पुढे त्याला जन्मभर पुरली. चार्ल्स बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. वडील पेढीच्या व्यवसायात असल्याने घरी कशाची वाण नव्हती. मुलाची प्रकृती मात्र नाजूक होती. गणिताची गोडी त्याला लहान वयातच लागली आणि १८१० साली तो केंब्रिज विद्यापीठात दाखल झाला.

त्या काळी मोठी आकडेमोड करणाऱ्यांना छापील कोष्टकांचाच आधार असे. भर समुद्रात आपले गलबत कोठे आहे हे ठरवताना नाविक कोष्टके उघडीत; आकाशातील ग्रहांची स्थाने सांगताना खगोलशास्त्रज्ञही तेच करीत. ही कोष्टके माणसे हाताने गणित करून तयार करीत, दुसरी माणसे त्यांच्या नकला उतरवीत आणि तिसरी ती छापीत. प्रत्येक हाताकडून चुका होत. कोष्टकातील एक अंक चुकला, तर गलबत वाट सोडून खडकावर आदळण्याचा धोका असे. १८२१ साली बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल अशीच काही गणिते तपासत बसले होते. पानोपानी चुका सापडू लागल्या. हे काम वाफेच्या यंत्राने करता आले असते तर किती बरे झाले असते, असा उद्गार बॅबेजच्या तोंडून निघाला. तो उद्गार विरून गेला नाही. तो त्याचा ध्यास बनला.

या ध्यासाला एका फ्रेंच माणसाच्या उदाहरणाची जोड मिळाली. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर नव्या दशमान पद्धतीची प्रचंड कोष्टके करण्याचे काम गास्पार द प्रोनी याच्याकडे आले होते. एकट्याचे आयुष्य त्याला पुरले नसते. प्रोनीने त्या कामाचे तीन भाग पाडले. पहिल्या गटातील मोजक्या थोर गणितज्ञांनी सूत्रे निवडली. दुसऱ्या गटाने त्या सूत्रांत आकडे घालून पुढच्या गटासाठी कागद आखून दिले. तिसऱ्या गटात साठ ते ऐंशी माणसे होती. त्यांनी केवळ बेरजा आणि वजाबाक्या करावयाच्या होत्या. १८१९ साली पॅरिसला गेला असताना बॅबेजने ही कोष्टके पाहिली होती. त्याच्या मनात आले, की तिसऱ्या गटाचे काम विचार न करताही होते. मग ते दातेरी चाकांवर का सोपवू नये?

चाकांना हे कसे साधावे, हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. १, ४, ९, १६, २५ या वर्गसंख्या घ्या. लगतच्या दोन संख्यांमधील फरक ३, ५, ७, ९ असे येतात आणि या फरकांमधील फरक नेहमी २ असतो. म्हणजे ९ मध्ये २ मिळवले की ११ मिळतात. २५ मध्ये ११ मिळवले की ३६ हा पुढचा वर्ग मिळतो. गुणाकाराची गरजच उरत नाही. बेरजेवर बेरीज करीत गेले, की सारे कोष्टक तयार होते. या तत्त्वावर बॅबेजने १८२२ साली एक लहान नमुना तयार केला आणि त्याला डिफरन्स इंजिन, म्हणजे फरकांचे यंत्र, असे नाव दिले.

मोठ्या यंत्रात अंकांच्या चाकांचे अनेक उभे स्तंभ होते. प्रत्येक स्तंभातील संख्या शेजारच्या स्तंभात मिळवावयाची होती. एकामागून एक बेरीज केली असती, तर जितके स्तंभ अधिक तितका विलंब अधिक झाला असता. बॅबेजने येथे एक नामी युक्ती योजली. त्याने स्तंभांची सम आणि विषम अशी विभागणी केली. प्रथम सर्व विषम स्तंभ एकाच वेळी आपापल्या शेजाऱ्यात मिळवले जात. नंतर सर्व सम स्तंभांची पाळी येई. त्यामुळे स्तंभ कितीही असले, तरी साऱ्या बेरजा दोनच टप्प्यांत उरकत. काम तेच, चाकेही तीच. केवळ वाटणी आणि क्रम बदलल्याने वेळ वाचला.

१८२३ साली सरकारने यंत्रासाठी पैसा मंजूर केला आणि मोठ्या उत्साहाने काम सुरू झाले. १८२७ साल मात्र बॅबेजला फार कठोर गेले. त्या एकाच वर्षात वडील, पत्नी जॉर्जियाना आणि एक मुलगा यांचा त्याला वियोग घडला. तरीही त्याने यंत्र सोडले नाही. निरनिराळ्या कारखान्यांत जाऊन तो तेथील कामाच्या रीती बारकाईने पाहत असे. १८३२ साली या निरीक्षणावर त्याने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. साधी टाचणी तयार करण्यासाठीही तार ओढणे, ती सरळ करणे, टोक काढणे, डोके बसवणे अशी अनेक कामे असतात. त्यांतील काही कामे कुशल कारागिराची, तर काही लहान मुलालाही जमणारी. सगळीच कामे सर्वांत कुशल कारागिराकडून करून घेतली, तर टाचणीचा खर्च जवळजवळ पावणेचार पट होईल, असे बॅबेजने हिशेबाने दाखवून दिले.

इतरांच्या कामाची अशी चोख वाटणी करणाऱ्या या बुद्धिमान पुरुषाला स्वतःचे काम मात्र तडीस नेता आले नाही. १८३३ साली मुख्य कारागीर जोसेफ क्लेमेंट याच्याशी पैशांवरून वाद झाला आणि यंत्राचे काम थांबले. बॅबेजचा स्वभावही मानी आणि तापट होता. शिवाय हातातले यंत्र पुरे होण्यापूर्वीच त्याला त्याहून श्रेष्ठ यंत्र दिसू लागे. १८३४ पासून तो ॲनालिटिकल इंजिनाच्या आराखड्यात गढून गेला. या यंत्रात संख्या साठवण्यासाठी एक कोठार होते आणि त्यांवर क्रिया करणारी एक गिरणी होती. रेशमी वस्त्रावर नक्षी विणणाऱ्या जाकार मागाप्रमाणे, भोके पाडलेले पुठ्ठे या यंत्राला आज्ञा देणार होते. १८४३ साली कवी बायरनची कन्या एडा लव्हलेस हिने या यंत्रावर विस्तृत टिपणे लिहिली. एका अवघड गणितासाठी यंत्राने कोणती क्रिया कोणत्या क्रमाने करावी, हे तिने एका कोष्टकात पायरीपायरीने मांडले होते.

परंतु तोवर सरकारचा धीर सुटला होता. सुमारे सतरा हजार पौंड खर्च होऊनही पुरे यंत्र दिसेना, म्हणून १८४२ साली सरकारने हात आखडता घेतला. ॲनालिटिकल इंजिन कागदावरच राहिले. १८६४ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात मात्र बॅबेजने भविष्याचा अचूक वेध घेतला. असे यंत्र अस्तित्वात आले, की कोणत्या मार्गाने गणित केले असता उत्तर कमीत कमी वेळात मिळेल, हा प्रश्न शास्त्रापुढे उभा राहील, असे त्याने सांगून ठेवले.

आज संगणक घरोघरी पोहोचला आहे आणि तो प्रश्न खरोखरच उभा आहे. समजा, ८, ७, ६, ५ आणि ४ तासांची पाच कामे दोन कारागिरांत वाटावयाची आहेत. मोठे काम आधी घ्यावे आणि ज्याच्याकडे भार कमी त्याला द्यावे, ही रीत सरळ वाटते. तिने एकाकडे १३ तासांचे व दुसऱ्याकडे १७ तासांचे काम येते. पण ८ आणि ७ एकाला व उरलेली तीन कामे दुसऱ्याला दिली, तर दोघेही १५ तासांत मोकळे होतात! १९६९ साली अमेरिकन गणितज्ञ रोनल्ड ग्रॅहम याने सिद्ध केले, की ही सरळ रीत कितीही चुकली, तरी सर्वोत्तम वाटणीपेक्षा एकतृतीयांशाहून अधिक जादा वेळ लावत नाही. कामे आणि यंत्रे कितीही असोत, सर्वोत्तम वाटणी नेहमी झटपट शोधून देणारी रीत मात्र अद्याप कोणालाही सापडलेली नाही.

१८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज लंडन येथे निधन पावला. लोकांच्या दृष्टीने तो एक अपयशी पुरुष होता. पण १८४७ ते १८४९ या काळात त्याने दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचे आराखडे काढून ठेवले होते. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्यांबरहुकूम यंत्र बांधावयास घेतले आणि १८४९ नंतर तब्बल १४२ वर्षांनी, १९९१ साली, त्याचा गणिती भाग पुरा झाला. हात्या फिरवताच चाके सम-विषम क्रमाने फिरू लागली आणि यंत्राने बिनचूक उत्तरे दिली. आराखड्याच्या मूळ कल्पनेत कोठेही खोट नव्हती.