कॅथरीना लूथर : एक गृहिणी

मार्टिन लूथर ह्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या घरी भाकर कोण भाजीत असे, हे थोड्यांसच ठाऊक असेल. कॅथरीना फॉन बोरा ह्यांचा जन्म १४९९ साली जर्मनीत झाला. मठात वाढलेल्या ह्या बाई १५२३ साली मठ सोडून निघाल्या व १५२५ साली लूथर ह्यांच्याशी विवाहबद्ध झाल्या.

विटेनबर्गातील जुना मठ हेच त्यांचे घर. तेथे सहा मुले, पोरके आप्त, विद्यार्थी व पाहुणे ह्यांची रोज पंगत बसे. पैसा थोडा; म्हणून बाईंनी मळा लाविला, गाई-डुकरे पाळिली, तळ्यात मासे ठेविले व बीअरही घरीच केली. १५४० साली झुल्सडॉर्फचे शेत घेऊन त्याची वहिवाट त्यांनी स्वतः पाहिली. एक कन्या तान्हेपणी वारली, दुसरी तेराव्या वर्षी. तरी चूल विझली नाही.

१५४६ साली पती निवर्तले व लागलीच लढाईत शेते उजाड झाली. बाईंनी कर्ज काढून पुनः संसार उभारिला. १५५२ साली साथीमुळे टोरगाउकडे जाताना गाडीच्या अपघातात त्या जायबंदी झाल्या व २० डिसेंबरास वारल्या.

त्या मेजावरील लूथर ह्यांचे बोलणे पाहुण्यांनी लिहून ठेविले. ते मेज ज्या हातांनी भरले, त्यांचीही आठवण आपण ठेवावी.