दुसऱ्याच्या जागी उभे राहताना

मुलांनी दुसऱ्याचा विचार करावा, असे आपण घरोघरी सांगत असतो. परंतु दुसऱ्याचा विचार करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यांना कसे शिकवावे? पोलंडमधील एका डॉक्टरांनी या प्रश्नासाठी आयुष्याची तीस वर्षे वेचली. त्यांचे नाव यानुश कोर्चाक.

कोर्चाक हे त्यांनी लेखनासाठी घेतलेले नाव. वॉर्सा शहरातील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मित. वडील वकील होते. पण त्यांना मानसिक आजार जडला आणि १८९६ साली ते वारले. हेन्रिक शिकवण्या करून घराला हातभार लावू लागले. १९०५ साली ते डॉक्टर झाले व मुलांच्या रुग्णालयात काम करू लागले. पुढे १९१२ साली वॉर्सातील ज्यू अनाथ मुलांच्या आश्रमाची धुरा त्यांनी घेतली. स्टेफानिया विल्चिन्स्का या त्यांच्या सहकारी होत्या.

या आश्रमात मुलांचे न्यायालय होते. ज्या मुलांवर त्या आठवड्यात एकही तक्रार नसे, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडले जात. साहजिकच आजचा आरोपी उद्या न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसू शकत असे आणि आजचा न्यायाधीश उद्या आरोपी म्हणून उभा राहू शकत असे. दोन्ही जागांचा अनुभव घेतलेले मूल निवाडा देताना घाई करत नाही. कोर्चाक यांनी लिहिलेल्या नियमावलीतील पहिली नव्व्याण्णव कलमे क्षमेच्याच बाजूची होती. शिक्षेची पाळी त्यानंतर!

हे न्यायालय मोठ्यांसाठीही खुले होते. एका सहामाहीत कोर्चाक स्वतः पाच वेळा त्यापुढे उभे राहिले. एकदा मुलाच्या कानशिलात मारल्याबद्दल, तर एकदा मुलीवर चोरीचा खोटा संशय घेतल्याबद्दल. आश्रमात नव्याने येणाऱ्या मुलाला पहिले तीन महिने एक मोठे मूल पालक म्हणून मिळत असे. स्वतः पोरके असलेले मूल अशा रीतीने दुसऱ्याचे आईबाप होऊन पाही. १९२५ साली कोर्चाक यांनी एक कादंबरी लिहिली. तिच्यातील प्रौढ शिक्षक पुन्हा लहान मूल होतो आणि मोठ्यांचे जग खालून पाहतो.

पुढे नाझींनी पोलंड जिंकले. १९४० साली आश्रमाला वॉर्साच्या ज्यू वस्तीत, भिंतींच्या आड, हलवावे लागले. तेथे उपासमार आणि रोगराई होती. तरीही १८ जुलै १९४२ रोजी मुलांनी एक नाटक केले. ते होते आपल्या रवींद्रनाथ टागोरांचे 'डाकघर'. त्यातील आजारी अमलला घराबाहेर पडण्याची मनाई असते. खिडकीशी बसून तो येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतो, राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि अखेर शांतपणे झोपी जातो. भिंतींत कोंडलेल्या मुलांना अमल समजावून सांगावा लागला नसेल. मुलांनी मृत्यूला शांतपणे सामोरे जावे, म्हणून कोर्चाक यांनी हे नाटक निवडले, असे सांगितले जाते.

चारच दिवसांनी, २२ जुलैला, त्या वस्तीतील लोकांना मृत्युछावणीकडे नेण्यास सुरुवात झाली. कोर्चाक यांना वाचवायला मित्र तयार होते. त्यांनी नकार दिला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलांसह ते आणि स्टेफानियाबाई आगगाडीकडे चालत गेले. त्रेब्लिंका येथून त्यांच्यापैकी कोणीही परतले नाही.

मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी संमत केला. त्याचा प्रस्ताव १९७८ साली पोलंडने मांडला होता. त्यामागे कोर्चाक यांच्या विचारांची प्रेरणा होती. १९९२ साली भारतानेही तो स्वीकारला.

आपल्या घरात न्यायालय भरवायची गरज नाही. भावंडांचे भांडण झाले, की दोघांना जागा बदलायला सांगू या. ताईने धाकटा व्हावे, धाकट्याने ताई. आजीची काठी घेऊन, डोळे अर्धे मिटून, नातवाने एकदा अंगण ओलांडून पाहावे. मात्र खेळाची थट्टा होऊ नये, याकडे आपले लक्ष असावे. आणि मुलाने आपली तक्रार मांडली, तर आपणही त्याच्यापुढे उभे राहावे. कोर्चाक पाच वेळा उभे राहिले. आपण निदान एकदा तरी उभे राहू या.