कुमारी नाइटिंगेल यांचा हिशेब

रात्रीं दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी देवी म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांस सारें जग ओळखतें. आम्हांस त्यांची लेखणी अधिक पूज्य वाटते. यांचा जन्म ता. १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला. १८५४ सालीं, क्रिमियन युद्धांत, ३८ परिचारिकांसह त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत गेल्या. त्यांनीं अहोरात्र कष्ट केले, तरी त्या हिवाळ्यांत मृत्यु वाढतच गेले. १८५५ च्या मार्चांत आलेल्या आरोग्य-मंडळानें गटारें साफ करविलीं, कोंदट दालनांत हवा खेळविली. तेव्हां कोठें ते झपाट्यानें उतरले.

युद्धानंतर बाईंनीं विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञांच्या साह्यानें नोंदी तपासल्या. मृत्यूंचें मूळ अपुरें अन्न व अतिश्रम यांत आहे, अशी त्यांची समजूत होती. आंकडे निराळेंच सांगूं लागले. जखमांपेक्षां रोगांनींच कितीतरी अधिक शिपाई नेले होते, आणि जेथें त्यांनीं स्वतः शुश्रूषा केली तें रुग्णालयच अत्यंत घातक ठरलें होतें! देशभर जयजयकार चालला असतां असे कागद पेटींत कुलुपबंद करणें किती सोपें! बाईंनीं १८५८ सालीं ते खासगी रीतीनें छापवून अधिकारी मंडळींच्या हातीं दिले. आंकड्यांस कंटाळणाऱ्यांसाठीं रंगीत वर्तुळाकृतीही काढिल्या.

पुढें आजारानें त्या बहुधा अंथरुणास खिळल्या. हिंदुस्थान त्यांनीं कधींच पाहिलें नाहीं. तरी येथील छावण्यांतून आलेलीं उत्तरें त्यांनीं खोलींत बसून चाळलीं. १८६३ च्या सरकारी अहवालांत गोऱ्या शिपायांचें येथील मृत्युमान दर हजारीं ६९ असें नमूद झालें.