सद्गुरु सोहिरोबानाथ : निरोपाचा अभ्यास

गोमंतकाच्या संतमालिकेत सद्गुरु सोहिरोबानाथ आंबिये यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. त्यांचा जन्म इ. स. 1714 मध्ये पेडणे महालातील पालये या गावी झाला. मूळ नाव अच्युत. पुढे हे घराणे तेरेखोल नदीच्या काठी वसलेल्या बांदे गावी स्थायिक झाले व तेथील कुळकर्ण त्यांच्याकडे आले. दप्तर, वसुली, हिशेब आणि सावंतवाडी दरबारची सेवा, असा त्यांचा प्रपंच सरळ मार्गाने चालला होता.

एकदा दरबारचे तातडीचे बोलावणे आले. भर दुपारी इन्सुलीच्या रानातून जात असता भूक लागली, म्हणून त्यांनी एक पिकलेला फणस फोडला. तोच एक सिद्ध पुरुष पुढे येऊन त्यांनी त्यातील वाटा मागितला. अच्युतरावांनी स्वतः खाण्याआधी गरे त्यांच्यापुढे ठेवले. ते सिद्ध म्हणजे प्रत्यक्ष गहिनीनाथ होते व त्यांनी तेथेच अनुग्रह दिला, असे सांप्रदायिक परंपरा सांगते. दरबारी जाणारा सेवक त्या रानातून निराळाच होऊन बाहेर पडला. त्यांनी कुळकर्णाचा राजीनामा दिला. हा त्यांचा पहिला निरोप होय.

परंतु वैराग्य उपजताच त्यांनी घराकडे पाठ फिरविली नाही, ही गोष्ट साधकांनी विशेष ध्यानात घ्यावी. अधिकार सुटला तरी पुढील बरीच वर्षे ते बांद्यासच राहिले. अक्षयबोध, पूर्णाक्षरी, अद्वयानंद, महदनुभवेश्वरी, सिद्धान्तसंहिता ही त्यांची ग्रंथसंपदा होय. जे एक दिवस सोडावयाचे आहे ते आज तिरस्कारावे, असे त्यांनी मानले नाही. सोडावयाचे आहे म्हणूनच त्यातील प्रत्येक दिवस त्यांनी ईश्वरचिंतनाने मोलाचा केला.

वयाची साठी आल्यावर, इ. स. 1774 च्या सुमारास, त्यांनी उत्तरेची वाट धरली. साठीच्या पुरुषाने त्या काळी इतक्या दूर पायी निघणे म्हणजे पुनर्भेटीची आशा सोडणेच होते. मागे राहणाऱ्या आप्तांचे डोळे पाणावले असतील, तर त्यात नवल नाही. वियोगाचे दुःख ज्ञानाने लटके ठरत नाही. ज्ञान त्याला केवळ धीर देते. पुढे त्यांची जन्मभूमीही पालटली. 1781 साली डिचोली आणि 1788 साली पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेला. ते मागे परतते, तरी सोडून आलेला मुलूख त्यांना तसाच गवसता ना.

उत्तरेत महादजी शिंदे यांचा प्रताप तेव्हा शिखरावर होता. त्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे पालयेच्या शेजारच्या केरी गावचे. त्यांच्यामुळे नाथांचा शिंद्यांच्या दरबाराशी संबंध आला. महादजी स्वतः भक्तिपर रचना करीत. आपल्या रचनेविषयी नाथांचा अभिप्राय त्यांनी घेतला असता, नाथांनी राजाच्या संतोषासाठी स्तुती केली नाही, व दरबारचा मानही स्वीकारला नाही, अशी कथा आहे. परदेशी मिळालेल्या आश्रयाचाही मोह त्यांना पडला नाही.

शेवटी ते उज्जयिनीस मठ करून राहिले. इ. स. 1792 मध्ये, रामनवमीच्या दिवशी, ते मठातून निघून गेले व पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत, असे परंपरा मानते. देह कोठे ठेवला, हे कोणास ज्ञात नाही. शिष्यांना समाधीवर फूल वाहण्याचेही समाधान उरले नाही. आपल्या देहालाही कोणी कवटाळून बसू नये, हीच जणू त्यांची अखेरची शिकवण होती.

त्यानंतर दोनच वर्षांनी महादजी निवर्तले. 1796 साली जिवबादादा गेले. सावंतवाडी संस्थान 1948 साली विलीन झाले. 1961 साली पोर्तुगीज अंमलही संपला. जे जे अढळ वाटत होते, ते ते काळाने नेले. फणसाच्या गऱ्यांपाशी उमललेली वाणी मात्र पेडणे-डिचोलीच्या भजनांत आजही गायिली जाते, आणि पेडण्याचे शासकीय महाविद्यालय नाथांचेच नाव धारण करते.

आपणांसही कधी गाव, कधी अधिकार, कधी माणसे सोडावी लागतात. तेव्हा हातातील गरा आधी दुसऱ्यास देऊन, कटुता न ठेवता उठावे, एवढी बुद्धी त्या नाथांच्या चरणस्मरणाने सर्वांस लाभो.