स्वयंपाकघराच्या शिल्पकार : मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की

घरातील सर्वांत अधिक श्रम कोणत्या खोलीत होतात, असे विचारले तर लहान मूलही स्वयंपाकघराकडे बोट दाखवील. परंतु राजवाडे, मंदिरे, पूल आणि कचेऱ्या बांधणाऱ्या कुशल स्थपतींनी या खोलीचा विचार शतकानुशतके फारसा केला नाही. आपल्याकडील जुन्या घरांचेच पाहा. चूल एका कोपऱ्यात, पाण्याची घागर दुसऱ्या कोपऱ्यात, मोरी दाराशी, पाटा-वरवंटा भिंतीला टेकलेला, डाळ-तांदळाचे डबे फडताळात आणि दूधदुभते उंच शिंक्यावर! एवढ्याशा खोलीत घरची गृहिणी दिवसभरात किती वेळा उठली, किती वेळा बसली, किती पावले चालली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. हा हिशेब हाती घड्याळ घेऊन ज्यांनी मांडला आणि त्यावरून स्वयंपाकघराचा नवा आराखडा जगाला दिला, त्या ऑस्ट्रियन स्थपती मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की यांचे चरित्र आपण येथे थोडक्यात पाहू.

मार्गारेटेचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी व्हिएन्ना शहरात झाला. वडील सरकारी नोकर होते आणि उदार विचारांचे होते. मुलीला चित्रकलेची आवड. म्हणून तिने तेथील उपयोजित कलांच्या विद्यालयात प्रवेश मिळवावा असे ठरले. तिच्या आईने ओळखीतून विख्यात चित्रकार गुस्ताव क्लिम्ट यांचे शिफारसपत्रही मिळविले. १९१५ साली ती विद्यालयात दाखल झाली. परंतु तेथे गेल्यावर तिचे मन चित्रकलेपेक्षा वास्तुरचनेकडे ओढले गेले. त्या काळी स्त्रीकडून कोणी घर बांधून घेईल, यावर कोणाचा विश्वास नव्हता. घरच्यांनी व शिक्षकांनीही तिला या विचारापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. मार्गारेटे मात्र आपल्या निश्चयापासून ढळली नाही.

१९१७ साली कामगारांच्या घरांचे आराखडे मागविणारी एक स्पर्धा जाहीर झाली. मार्गारेटेने भाग घेण्याचे ठरविताच तिचे शिक्षक ओस्कार श्ट्रनाड यांनी तिला एक मोलाचा सल्ला दिला : कागदावर रेघ ओढण्यापूर्वी कामगारांच्या वस्तीत जावे आणि ही माणसे प्रत्यक्षात कशी राहतात ते डोळ्यांनी पाहावे. ती गेली. एकेका खोलीत सात-आठ माणसे दाटीवाटीने राहात असलेली तिने पाहिली. त्या दर्शनाने तिच्या आयुष्याची दिशा ठरली. स्पर्धेत तिला पारितोषिक मिळाले. परंतु आपले ज्ञान ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यासाठीच वेचायचे, हा संकल्प त्या पारितोषिकाहून मोठा होता. १९१९ साली शिक्षण पुरे करून त्या बाहेर पडल्या. ऑस्ट्रियातील पहिल्या स्त्री-स्थपतींत त्यांची गणना होते.

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले, तेव्हा ऑस्ट्रियाचे जुने साम्राज्य कोसळले होते. व्हिएन्नात अन्न नव्हते, सरपण नव्हते आणि राहावयास घरे नव्हती. बेघर झालेली हजारो कुटुंबे शहराबाहेरच्या रानात जागा धरून, झाडे तोडून आणि भाजीपाला पिकवून आपापली घरे स्वतःच उभारू लागली. अशा वसाहतींना शिस्त लावण्याच्या कामात नामवंत स्थपती अडोल्फ लोस यांच्याबरोबर मार्गारेटेबाईंनी १९२१ पासून भाग घेतला. पैसा थोडा, साहित्य थोडे. म्हणून एका इंचाचीही नासाडी होऊ द्यायची नाही, हा धडा त्या येथे शिकल्या. पुढे १९२४ साली त्यांना क्षयाने गाठले. त्या काळी हा रोग फार भयंकर समजला जाई. आरोग्यधामात दीर्घकाळ राहून त्या बऱ्या झाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

१९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या बांधकामविभागाचे प्रमुख एर्न्स्ट माय यांनी त्यांना बोलावून घेतले. फ्रँकफुर्टमध्येही घरांचा दुष्काळ होता. थोड्या वर्षांत, थोड्या खर्चात हजारो कुटुंबांसाठी घरे बांधण्याचा संकल्प नगरपालिकेने सोडला होता. घर लहान, भाडे कामगाराला परवडेल एवढेच. मग स्वयंपाकघराला जागा द्यावयाची तरी किती? हा प्रश्न मार्गारेटेबाईंकडे आला.

त्यांनी तो कसा सोडविला, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतील क्रिस्टीन फ्रेडरिक नावाच्या बाईंनी घरकामाची आखणी कारखान्यातील कामाप्रमाणे शास्त्रीय रीतीने करावी असे प्रतिपादिले होते. त्यांचे पुस्तक बाईंनी वाचले होते. परंतु केवळ पुस्तकावर विसंबून न राहता त्यांनी घड्याळ लावून कामे मोजली. भाजी चिरण्यास किती वेळ, भांडे घासून ते जागेवर ठेवण्यास किती पावले, वाकावे किती वेळा लागते, हात उंचावा किती वेळा लागतो, हे त्यांनी टिपून ठेवले. आणखी एक आदर्श त्यांच्यासमोर होता, तो आगगाडीच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघराचा. हुबळी हे रेल्वेचे गाव असल्याने आपणा केशवापूरकरांना हा दाखला चटकन पटेल. त्या बोळाएवढ्या जागेत एक-दोन आचारी शेकडो प्रवाशांची जेवणे वेळेवर तयार करतात. ते कसे जमते? कारण प्रत्येक वस्तू हाताच्या टप्प्यात असते आणि तिची जागा ठरलेली असते.

असे सर्व निरीक्षण करून बाईंनी जे स्वयंपाकघर आखले, ते फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर या नावाने प्रसिद्ध झाले. रुंदी सुमारे १.९ मीटर आणि लांबी सुमारे ३.४ मीटर, एवढीच ती खोली! एका टोकाला खिडकी. खिडकीखाली बीच वृक्षाच्या लाकडाचा कामाचा पाट आणि त्यापुढे उंची कमी-जास्त करता येणारे फिरते स्टूल, म्हणजे गृहिणीने उजेडात बसून भाजी चिरावी. पाटालाच चिरफळीचा कचरा लोटण्याचा कप्पा. एका भिंतीशी चूल आणि तिच्याजवळच उष्णता टिकवून धरणारी पेटी. अर्धवट शिजलेले अन्न तीत ठेवले की ते आपोआप शिजे, सरपण वाचे. समोरच्या भिंतीला भांडी धुण्याची जागा व ती निथळत ठेवण्याची मांडणी. साखर, तांदूळ, डाळी अशा जिनसांसाठी अॅल्युमिनियमचे खण, त्यांना ओतण्यासाठी तोंड आणि वर जिनसांची नावे. पिठाला अळी लागू नये म्हणून पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा. भिंतीवरून खाली उघडणारी इस्त्रीची फळी; छताला सरकता दिवा, म्हणजे जिकडे काम तिकडे उजेड. कपाटांना निळसर-हिरवा रंग देण्यात आला, कारण माशा निळ्या रंगावर बसावयास नाखूश असतात असे तेव्हा आढळून आले होते. जेवणाच्या खोलीकडे सरकते दार, म्हणजे आई काम करीत असतानाही मुलांवर नजर ठेवू शके.

हे सारे सुतारकाम एका नमुन्याप्रमाणे, ठरलेल्या मापांत तयार होत असे. घरोघर वेगळा सुतार, वेगळे माप, वेगळा खर्च, असा प्रकार राहिला नाही. त्यामुळे किंमत उतरली आणि भाड्यात तिची भर घालणेही सोपे झाले. १९२६ नंतरच्या काही वर्षांत अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे फ्रँकफुर्टमध्ये बसविली गेली.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. बाईंच्या या रचनेत काही उणिवाही होत्या. खोली एवढी अरुंद की त्यात दोघींना एकदम काम करता येईना. घरची थोरली कपाटे आत मावत नसत. सर्व काही भिंतीला बांधलेले असल्यामुळे कोणाला आपल्या सोयीप्रमाणे फेरफार करता येत नसे. अनेक भाडेकरूंनी त्याविषयी कुरकुर केली. त्यापुढील पायरी म्हणजे सुटी कपाटे. आज बाजारात मिळणारी ही कपाटे एकेकटी उभी राहू शकतात आणि एकमेकांशेजारी जोडताही येतात. एका कपाटात खण, दुसऱ्यात भांडी, तिसऱ्यावर गॅसची शेगडी. सर्वांची उंची आणि खोली सारखी ठेवली की कोणतेही कपाट कोणत्याही क्रमाने लावता येते. घर बदलताना ती सामानाबरोबर नेता येतात, हा भाडेकऱ्यास फार मोठा लाभ. परंतु या कपाटांमागील मूळ विचार बाईंचाच आहे : आधी माणसाचे शरीर आणि त्याचे काम मोजावे, मग लाकडाला हात घालावा. कामाचा पाट कोपराच्या किंचित खाली असावा, उंच किंवा ठेंगणा नसावा, कारण ठेंगण्या पाटाने पाठ वाकते आणि उंच पाटाने खांदे दुखतात. एवढी साधी गोष्ट, पण ती न पाळल्याने किती गृहिणींची कंबर अकाली वाकली असेल!

आता बाईंच्या पुढील आयुष्याकडे वळू. कारण त्यांची खरी कसोटी अजून लागावयाची होती. १९२७ साली सहकारी स्थपती विल्हेल्म श्यूटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३० साली एर्न्स्ट माय यांच्याबरोबर उभयता सोव्हिएत रशियात गेले. तेथे मॅग्निटोगोर्स्कसारखी नवी औद्योगिक शहरे आखली जात होती. बाईंनी तेथे मुख्यत्वे बालकमंदिरे आणि मुलांचे सामान आखले. लहान मुलाच्या उंचीचे टेबल, त्याच्या हाताला पोहोचेल असे कपाट, अशी त्यांची दृष्टी. १९३७ साली रशिया सोडून पुढे त्या तुर्कस्तानातील इस्तंबूल येथे गेल्या व स्थपती ब्रूनो टाऊट यांच्याबरोबर काम करू लागल्या.

इकडे १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता. इस्तंबूलमध्ये त्या सुरक्षित होत्या. हाती काम होते, जीवाला धोका नव्हता. तरीही आपली मायभूमी जुलमाखाली असताना आपण दूर सुखाने राहावे हे त्यांच्या मनाला पटेना. त्या ऑस्ट्रियन कम्युनिस्ट पक्षात सामील झाल्या आणि नाझींविरुद्ध गुप्तपणे काम करणाऱ्यांशी संबंध जोडण्यासाठी डिसेंबर १९४० मध्ये व्हिएन्नात परत आल्या. अवघ्या काही आठवड्यांत, २२ जानेवारी १९४१ रोजी, म्हणजे चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांना अटक झाली. त्यांच्या अनेक सोबत्यांना मृत्युदंड झाला. त्यांच्यासाठीही फाशीचीच मागणी झाली होती. परंतु १५ वर्षांच्या कारावासावर निभावले. ही शिक्षा त्यांनी बव्हेरियातील आइखाखच्या तुरुंगात भोगली. २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने तुरुंगाची दारे उघडली, तेव्हा त्या मुक्त झाल्या.

युद्ध संपले, पण हालअपेष्टा संपल्या नाहीत. १९४७ साली त्या व्हिएन्नात परतल्या, तेव्हा कम्युनिस्ट म्हणून त्यांना सरकारी कामे फारशी मिळाली नाहीत. ज्या शहराला त्यांच्या हाताची सर्वांत जास्त गरज होती, त्याच शहराने त्यांना दूर ठेवले. काही बालकमंदिरे आणि मोजकी घरे एवढेच काम वाट्यास आले. योग्य सन्मान फार उशिरा, म्हणजे १९८० साली, व्हिएन्ना शहराच्या वास्तुकला पारितोषिकाच्या रूपाने झाला. वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, १९८८ मध्ये, त्यांना राष्ट्राचा एक मोठा बहुमान देऊ करण्यात आला. परंतु त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष कुर्ट वाल्डहाइम यांच्या युद्धकालीन पूर्वायुष्याविषयी गंभीर वाद चालू होता. म्हणून त्यांच्या हातून तो घेण्यास बाईंनी नकार दिला. मानापेक्षा तत्त्व थोर, हे त्यांनी वार्धक्यातही सिद्ध केले. १८ जानेवारी २००० रोजी, वयाच्या १०३ व्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी, त्यांचे देहावसान झाले.

गंमत अशी की, ज्या स्वयंपाकघरासाठी जग त्यांना ओळखते, ते आखण्यापूर्वी त्यांनी स्वतः कधी घर चालविले नव्हते की स्वयंपाक केला नव्हता. आयुष्यभर लोकांनी त्यांना त्याच एका खोलीविषयी विचारावे, याचा त्यांना कंटाळाही येई. कारण त्यांनी घरे, शाळा, बालकमंदिरे अशी कितीतरी कामे केली होती. स्वतः चूल न पेटविता त्यांनी इतरांची चूल जाणली, हे कसे घडले? त्यांनी दुसऱ्याच्या श्रमाकडे आदराने पाहिले, बसून अंदाज न बांधता मोजून घेतले, आणि विद्येचा उपयोग स्वतःच्या नावासाठी न करता कष्टकऱ्यांच्या सुखासाठी केला. हाच गुण त्यांना व्हिएन्नाच्या कामगारवस्तीत घेऊन गेला आणि हाच गुण त्यांना सुरक्षित देशातून परत संकटात घेऊन आला.

विद्यार्थिमित्रांनो, एखाद्या सुटीच्या दिवशी वही आणि मोजपट्टी घेऊन आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बसा. आई किंवा आजी शेगडीपासून नळापर्यंत आणि नळापासून डब्यांपर्यंत किती वेळा जाते, किती वेळा वाकते, ते टिपून ठेवा. मग खोलीचा नकाशा काढून पाहा. कदाचित एखादा डबा जवळ हलविल्याने, एखादी फळी चार बोटे वर घेतल्याने तिची शंभर पावले वाचतील. या लहानशा प्रयोगाला पैसा लागत नाही; लागते ती दुसऱ्याचे कष्ट पाहण्याची दृष्टी. ती ज्याला लाभली, त्याला पुढे कोणतेही शास्त्र शिकताना मार्गारेटेबाईंच्या चरित्रातून शिदोरी मिळाली असे म्हणता येईल.