माणूस कोणाला म्हणायचे?



दरवर्षी ११ एप्रिलला आपण महात्मा जोतीराव फुले यांच्या प्रतिमेला हार घालतो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे त्यांची मूळ मराठी पुस्तके आम्ही उशिराच वाचली. त्यातून जे मनाला भिडले, ते येथे सांगत आहोत.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. १८४७ च्या सुमारास त्यांनी थॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील पुस्तक वाचले. सर्व माणसे समान, हा विचार त्यांना पटला. पण १८४८ मध्ये ब्राह्मण मित्राच्या वरातीत जातीवरून त्यांचा अपमान झाला. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. या कामापायी दोघांना वडिलांचे घर सोडावे लागले. शाळा त्यांनी सोडली नाही.

१८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ आला. तो त्यांनी अर्पण केला अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. माळ्याच्या मुलाने शूद्रातिशूद्रांचे दुःख सातासमुद्रापलीकडच्या दुःखाशी जोडले. याच वर्षी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला.

युरोपचा विचार घेतला, तरी जोतीराव इंग्रजांपुढे गप्प राहिले नाहीत. शेतकऱ्याच्या घामातून महसूल येतो, मग शिक्षण वरच्या वर्गालाच का, असा जाब त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला विचारला. १८८८ मध्ये इंग्रज राजपुत्राच्या सत्कारसमारंभाला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले.

विसाव्या शतकात एमे सेझेर, फ्रांत्झ फॅनन या कृष्णवर्णीय विचारवंतांनी हाच जाब युरोपला विचारला: तुमच्या मानवतेत आम्ही मोजले जातो का? आफ्रिकेतील ‘उबुंटू’चा विचार सांगतो की, माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो. जोतीरावांनीही सर्व स्त्री-पुरुषांना एकाच निर्मिकाची लेकरे मानले. १८९० मध्ये ते गेले. हा विचार मांडणारे शेवटचे पुस्तक त्यानंतर छापले गेले.

आता आपल्याविषयी. फीची सवलत घेणारी काही मुले मधल्या सुट्टीत वेगळी बसून डबा खातात, हे आम्ही यंदा पाहिले. त्यांना कोणी उठवले नव्हते, पण कोणी बोलावलेही नव्हते. आमचेही लक्ष उशिरा गेले, हे आम्ही कबूल करतो. मित्रांनो, उद्या डबा उघडण्याआधी शेजारच्या मुलाला हाक मारा. हाराआधी तेवढे करूया.